भाकरी, श्रद्धा आणि मैत्री

ज्याने आपल्याला आजारपणात औषध दिले आणि उपासात भाकरी दिली, त्याच्याच देवापुढे आपण गुडघे टेकले, तर ते गुडघे टेकणे खरे मानावे काय? प्रश्न नवा नाही. आपल्या समाजाला तो पिढ्यान्‌पिढ्या विचारला गेला आहे, आणि विचारणाऱ्याच्या स्वरात बहुधा जिज्ञासेपेक्षा उपहासच अधिक असतो. 'पोटासाठी धर्म बदलला' हे शब्द कानी पडले की आपण एकतर संतापतो, नाहीतर मान खाली घालतो. शांतपणे उत्तर शोधणे आपल्याकडून सहसा होत नाही. आम्हांलाही ते पुष्कळ वर्षे जमले नाही. म्हणून आपल्या अंगणातला वाद घटकाभर बाजूला ठेवून दूरदेशीच्या एका लेखकाची हकीकत वाचकांपुढे मांडावी, असे आम्ही योजिले आहे. दुसऱ्याच्या घरातला प्रश्न पाहताना आपली नजर अधिक निवळ राहते.

क्लॉड मॅके यांचा जन्म १८९० साली जमैका बेटावरील क्लॅरेंडन भागात एका कृष्णवर्णीय शेतकरी कुटुंबात झाला. घरात बाप्टिस्ट पंथाची करडी शिस्त होती. थोरला भाऊ मात्र शाळामास्तर आणि स्वतंत्र विचारांचा होता. त्याच्याकडे राहून शिकताना या मुलाने कोवळ्या वयातच देवाधर्माला रजा दिली. पुढे वॉल्टर जेकिल नावाच्या एका इंग्रज गृहस्थाने त्यांना जमैकाच्या बोलीत कविता लिहिण्यास उत्तेजन दिले. हे जेकिल पूर्वी धर्मोपदेशक होते. तेही ते पद आणि ती श्रद्धा सोडून आलेले. १९१२ साली मॅके यांचे दोन कवितासंग्रह निघाले आणि त्याच वर्षी शेतकीचे शिक्षण घेण्यासाठी ते अमेरिकेस गेले. वर्णभेदाचे इतके उघडेवाघडे रूप त्यांनी तोवर पाहिले नव्हते. शिक्षण अर्धवट सोडून ते न्यूयॉर्कला आले. आगगाडीच्या भोजनडब्यात वाढप्याचे काम करावे आणि सवड मिळेल तेव्हा कविता लिहाव्यात, असा त्यांचा क्रम सुरू झाला. १९१९ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील अनेक शहरांत कृष्णवर्णीयांवर हल्ले झाले. त्या दिवसांत त्यांनी लिहिलेले 'इफ वुई मस्ट डाय' हे सुनीत 'लिबरेटर' या मासिकात छापून आले आणि मॅके हे नाव सर्वतोमुखी झाले.

त्या मासिकाचे संपादक होते मॅक्स ईस्टमन. आईवडील दोघेही प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक, आणि मुलगा पक्का नास्तिक. समाजवादी विचार, गोरा वर्ण, सुखवस्तू वर्तुळातला वावर. एका वाढप्याची आणि या संपादकाची मैत्री जुळावी, असे वरकरणी काहीच नव्हते. तरी ती जुळली आणि मॅके यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे जवळजवळ एकोणतीस वर्षे टिकली. आमच्या या लेखाचा खरा विषय हीच मैत्री आहे.

मॅके यांच्या पायाला भिंगरी होती. १९१९ साली ते लंडनला गेले आणि सिल्व्हिया पँकहर्स्ट यांच्या कामगारांच्या वृत्तपत्रात काम करू लागले. १९२१ मध्ये ते न्यूयॉर्कला परतले. पुढच्याच वर्षी 'हार्लेम शॅडोज' हा संग्रह प्रसिद्ध झाला आणि ते लगेच रशियाला निघाले. मॉस्कोत भरलेल्या कम्युनिस्ट आंतरराष्ट्रीयच्या चौथ्या अधिवेशनात त्यांचे भाषण झाले. तेथून बर्लिन, पॅरिस, मार्सेय, बार्सिलोना आणि शेवटी मोरोक्कोतील टँजिअर. कधी आजारी, कधी कफल्लक, आणि सदैव परदेशी! 'होम टू हार्लेम' ही त्यांची सर्वांत गाजलेली कादंबरी १९२८ साली आली. तिच्यातले हार्लेम त्यांनी हार्लेमपासून हजारो मैलांवर बसून लिहिले. मार्सेयच्या बंदरावरील भटक्या खलाशांवरची 'बँजो' १९२९ मध्ये आणि जमैकाच्या खेड्यातली 'बनाना बॉटम' १९३३ मध्ये निघाली. परदेशी राहणाऱ्या माणसाला आपले गाव अधिक स्पष्ट दिसते, याचा हा एक पुरावाच म्हणावा.

अशा माणसाचे घर म्हणजे त्याची पत्रे. त्याला दार नाही, अंगण नाही. टपालाचा पत्ता तेवढा असतो, आणि तोही बदलत राहतो. मॅके यांचे कागद आज येल विद्यापीठाच्या बायनेके ग्रंथालयात आहेत. ते ज्या संग्रहात आहेत, तो कार्ल व्हॅन व्हेक्टन या गोऱ्या लेखकाने जेम्स वेल्डन जॉन्सन या आपल्या दिवंगत कृष्णवर्णीय मित्राच्या स्मरणार्थ १९४१ साली सुरू केला. हे जॉन्सन मॅके यांचेही हितचिंतक होते. भटकणाऱ्या या कवीने मायदेशी परत यावे म्हणून त्यांनी आग्रह धरला होता. भटक्याच्या कागदांना अखेर आसरा मिळाला, तोही एका मैत्रीच्या स्मारकात. मॅके यांनी ईस्टमन यांना लिहिलेली पत्रे इंडियाना विद्यापीठाच्या लिली ग्रंथालयात जपलेली आहेत, आणि त्यांतील निवडक पत्रे १९७३ पासून पुस्तकरूपाने उपलब्ध आहेत.

मृत माणसाची पत्रे उघडावीत काय, असे कोणी विचारील. आम्ही धर्मगुरू, दुसऱ्याच्या अंतरंगाचे ओझे कानांनी वाहणे हा आमच्या सेवेचाच भाग. प्रायश्चित्ताच्या कठड्याआड बसून आम्ही एवढे शिकलो की, ऐकलेल्या गोष्टीचा कोणाविरुद्ध वापर करायचा नसतो आणि स्वतःच्या मोठेपणासाठी तर मुळीच नाही. दुसऱ्याची पत्रे वाचतानाही हीच मर्यादा पाळावी. या मर्यादेत राहून आम्ही पुढचे लिहीत आहोत.

या पत्रांत आढळणारी मैत्री गुळमुळीत नाही. १९२३ साली मॉस्कोत असतानाच दोघांत कडाक्याचा वाद झाला. 'लिबरेटर'च्या गोऱ्या समाजवादी संपादकांना वर्णभेदाच्या प्रश्नाचे खरे गांभीर्य कळलेच नाही, असा मॅके यांचा आरोप होता. अशा मजकुराचे प्रमाण वाढले तर वाचक दुरावतील, ही ईस्टमन यांची चिंता होती. दोघांनी एकमेकांना तिखट पत्रे लिहिली. एवढ्यावर कितीतरी मैत्री तुटल्या असत्या. ही तुटली नाही. मॅके परदेशी अडचणीत सापडले की ईस्टमन यांच्याकडून मदत होई, आणि मदत घेतली म्हणून मॅके आपले मत गिळीत नसत. आपला प्रश्न येथे एका निराळ्या वेषात पहिल्यांदा भेटतो. नास्तिकाच्या उपकाराने मॅके यांची जीभ बांधली गेली नव्हती. मग पुढे ख्रिस्ती माणसांच्या उपकारानेच ती बांधली गेली, असे का समजावे?

१९३४ साली ते अमेरिकेस परतले, तेव्हा मंदीने देश ग्रासला होता आणि त्यांची पुस्तके मागे पडली होती. काही काळ तर या नामवंत लेखकाला निराधारांच्या सरकारी छावणीत राहावे लागले. रशियात घडत असलेले पाहून कम्युनिझमवरचा त्यांचा विश्वास उडाला होता, आणि ते ही गोष्ट उघडपणे लिहीत. त्यामुळे न्यूयॉर्कच्या साहित्यिक वर्तुळातले जुने सोबती वैरी झाले. १९३७ साली आत्मचरित्र आले, १९४० साली हार्लेमवरचा ग्रंथ; त्याच वर्षी त्यांना अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले. पण पैसा नव्हता, आणि प्रकृती ढासळत होती.

१९४२ मध्ये ते हार्लेमच्या एका खोलीत आजारी पडून होते. तेथे त्यांचा शोध घेतला एलन टॅरी यांनी. या स्वतः कृष्णवर्णीय लेखिका आणि तरुण वयातच कॅथलिक झालेल्या. 'फ्रेंडशिप हाऊस' म्हणजे मैत्रीचे घर, या नावाच्या कॅथलिक सेवाकेंद्रातील कार्यकर्त्यांच्या साहाय्याने त्यांनी मॅके यांची शुश्रूषा केली. हे केंद्र हार्लेममध्ये १९३८ साली सुरू केले होते कॅथरिन डी ह्यूक यांनी. त्या रशियन उमराव घराण्यातल्या. बोल्शेविक क्रांतीनंतर सर्वस्व गमावून देशोधडीला लागलेल्या. ईश्वराची योजना कधी कधी किती मिस्कील असते, पाहा! वीस वर्षांपूर्वी ज्या क्रांतीच्या व्यासपीठावरून मॅके बोलले, त्याच क्रांतीने बेघर केलेल्या बाईने उभारलेल्या घराने आता त्यांना हात दिला. १९४३ साली जहाजबांधणीच्या कारखान्यात काम करीत असताना त्यांना पक्षाघाताचा झटका आला. तेव्हाही विश्रांतीसाठी कनेक्टिकटमधील एक छोटे घर मिळाले, ते याच मंडळींचे. १९४४ च्या वसंतात बिशप बर्नार्ड शील यांच्या निमंत्रणावरून ते शिकागोला गेले आणि बिशपांच्या समाजशास्त्रीय अभ्यासकेंद्रात काम करू लागले.

कॅथलिक होण्याचा विचार मनात घोळू लागला, तेव्हा त्यांनी तो कोणाला कळवावा? मॅक्स ईस्टमन यांना! ज्याला ही गोष्ट मुळीच रुचणार नाही हे ठाऊक होते, नेमके त्यालाच. ईस्टमन यांनी कळकळीने विरोध केला. ज्या बुद्धीने कम्युनिस्टांच्या दडपणापुढे मान तुकवली नाही, तिने आता रोमपुढे शरणागती पत्करू नये, असा त्यांच्या विनवणीचा आशय होता. मॅके यांनी ऐकून घेतले, उत्तरे दिली, वाद घातला. आणि ११ ऑक्टोबर १९४४ रोजी स्नानसंस्कार स्वीकारला. त्या काळच्या दिनदर्शिकेप्रमाणे तो पवित्र मरियेच्या मातृत्वाचा सण होता. पाचच दिवसांनी त्यांनी ईस्टमन यांना पत्र लिहून ही वार्ता सांगितली, सणाचाही उल्लेख केला आणि बजावले की, यामुळे आपल्यातला लढवय्या उणा झाला असे मानू नये.

आता प्रश्नाकडे वळू. मॅके यांनी भाकरीसाठी श्रद्धा विकली काय?

प्रामाणिकपणे सांगायचे तर हा संशय पूर्णपणे पुसून टाकता येत नाही. १९४४ साली ते आजारी होते, निर्धन होते आणि ख्रिस्तसभेच्याच एका संस्थेत त्यांना काम मिळालेले होते. परंतु दुसऱ्या बाजूलाही काही गोष्टी आहेत. पहिली मदत १९४२ साली मिळाली आणि स्नानसंस्कार दोन वर्षांहून अधिक काळाने झाला. सौदा इतका लांबत नाही. स्पेनमधील वास्तव्यात तेथील कॅथलिक जीवनाचा आपल्यावर ठसा उमटला होता, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. म्हणजे बीज भुकेच्या आधीचे आहे. शिवाय सोयीसाठी मत बदलणारा माणूस आधीच सुखी झाला असता. कम्युनिस्टांशी जुळवून घेतले असते तर न्यूयॉर्कमध्ये त्यांना मित्र, मासिके आणि टाळ्या, सारे मिळाले असते. त्यांनी ते नाकारले आणि दारिद्र्य पत्करले.

तरीही आमचे मुख्य म्हणणे या पुराव्यांवर उभे नाही. मुळात प्रश्नाची घडणच चुकीची आहे, असे आम्हांला वाटते. उपकार आणि श्रद्धा या दोन गोष्टी एकमेकींना बाटवतातच, असे आपण गृहीत धरतो. वास्तविक कोणाचीही श्रद्धा पोकळीत जन्मत नाही. आपल्यापैकी बहुतेकांना ती आईच्या दुधाबरोबर मिळाली. तेव्हा आपण किती स्वतंत्र होतो? भुकेल्या मुलाला आईने घास भरविला आणि त्याच हाताने त्याच्या कपाळावर क्रुसाची खूण केली, म्हणून त्या मुलाची श्रद्धा खोटी ठरत नाही. मग प्रौढ वयात, आजाराच्या खाटेवर एखाद्याला तसा हात लाभला, तर तेवढाच मात्र संशयास्पद का? प्रेम ही माहितीचीच एक वाट आहे. ज्या मंडळीने एका थकलेल्या, वादग्रस्त, नास्तिक कवीच्या उशाशी बसून शुश्रूषा केली, तिच्या देवाविषयी त्याच्या मनात कुतूहल जागे झाले, तर तो बुद्धीचा पराभव नव्हे. बुद्धीला नवा पुरावा मिळाला, एवढेच.

अर्थात या म्हणण्याला एक अट आहे, आणि ती देणाऱ्यावर बंधनकारक आहे. भाकरी किंमत म्हणून दिली गेली, तर ती भाकरीही विटते आणि श्रद्धाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली हे निःसंदिग्धपणे सांगितले: श्रद्धेसाठी कोणावर जबरदस्ती करू नये, तसे कोणाला आमिषही दाखवू नये. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००५ सालच्या आपल्या पहिल्या परिपत्रकात पुन्हा बजावले की, प्रीती निरपेक्ष असते आणि सेवेचा उपयोग धर्मप्रसाराचे साधन म्हणून करता येत नाही. शुभवर्तमानातील शोमरोन्याने जखमी माणसाला खाणावळीत नेले, पैसे भरले आणि तो आपल्या वाटेने निघून गेला. त्या माणसाला त्याने आपल्या डोंगरावरच्या उपासनेला बोलावले नाही. हा दृष्टांत आपण वर्षानुवर्षे ऐकतो, पण त्यातले ते निघून जाणे आपल्या कानांवरून निसटते.

येथे आम्हांला स्वतःविषयी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील धर्मभगिनींच्या दवाखान्यात एक वृद्ध गृहस्थ दीर्घकाळ उपचार घेत होते. त्यांनी स्वतः होऊन स्नानसंस्कार मागितला. त्यांचे एक बालमित्र होते, देव न मानणारे. ते रागारागाने आमच्याकडे आले आणि म्हणाले, "फादर, तुम्ही माझ्या मित्राला औषधाच्या बाटलीत विकत घेतलंत." आम्ही त्यांना धर्मशास्त्रातील कलमे ऐकवली, परिषदेचे दाखले दिले, आणि ते निरुत्तर होऊन गेले तेव्हा मनातल्या मनात खूष झालो. त्यानंतरही ते गृहस्थ दर रविवारी संध्याकाळी मित्राजवळ येऊन बसत. अखेरच्या रात्री उशाशी तेच होते. आम्ही पहाटे पोहोचलो. त्यांच्या रागाच्या तळाशी काय होते, ते आम्हांला त्या पहाटे कळले. मित्र आपल्यापासून कुठेतरी दूर निघाला आहे, याचे ते दुःख होते. कलमांनी त्याला उत्तर देता येत नव्हते.

संत ऑगस्टीन यांनी आपल्या 'कबुलीजबाबा'त अशीच एक आठवण सांगितली आहे. त्यांचा एक जिवलग मित्र तापाने बेशुद्ध असताना त्याला बाप्तिस्मा देण्यात आला. तो शुद्धीवर आल्यावर ऑगस्टीन यांनी त्या विधीची थट्टा केली. तोही आपल्याबरोबर हसेल, अशी त्यांची खात्री होती. मित्र हसला नाही. मैत्री राहावी असे वाटत असेल तर हे बोलणे बंद कर, असे त्याने स्पष्ट सांगितले. थोड्याच दिवसांत तो वारला, आणि ऑगस्टीन यांचा शोक अनावर झाला. मॅके यांच्या वाट्याला अधिक बरे भाग्य आले. ईस्टमन यांनी विरोध केला, पण साथ सोडली नाही. आणि मॅके यांनी श्रद्धा पत्करली, पण श्रद्धेच्या नावाखाली जुन्या मित्राला टाकून दिले नाही. नव्या श्रद्धेची एक कसोटी आम्हांला यात दिसते: ती जुन्या माणसांना सामावून घेते की हुसकावून लावते?

मॅके यांना आम्ही संत म्हणून पुढे करीत नाही. त्यांचे लग्न थोडक्यात आटोपले. त्यातून झालेल्या मुलीचे तोंड त्यांनी आयुष्यात कधी पाहिले नाही. एवढ्या देशांच्या वाटा तुडविणाऱ्या पायांना ती एक वाट सापडली नाही. त्यांचा स्वभाव तापट होता. भांडणेही पुष्कळ झाली. ज्या ख्रिस्तसभेत ते आले, तिच्या अमेरिकेतील अनेक धर्मग्रामांत गोऱ्या भाविकांना काळा शेजारी नको होता. स्नानसंस्काराच्या पाण्याने हे सारे एका दिवसात धुऊन निघाले नाही. ते शेवटपर्यंत गरीबच राहिले आणि २२ मे १९४८ रोजी शिकागो येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. न्यूयॉर्कच्या कॅल्व्हरी दफनभूमीत त्यांचे शरीर विसावले आहे.

मृत्यूनंतर पाच वर्षांनी, १९५३ साली, त्यांच्या निवडक कवितांचा संग्रह निघाला. त्यातला चरित्रपर लेख मॅक्स ईस्टमन यांनी लिहिला. मित्राने शेवटी स्वीकारलेली श्रद्धा त्यांना पटलेली नव्हती; तरी मित्राची ओळख जगाला करून देण्यासाठी लेखणी त्यांनीच उचलली. मैत्रीची याहून मोठी साक्ष आम्हांला ठाऊक नाही.

मॅके यांचे कागद अजूनही बोलत आहेत. २००९ साली कोलंबिया विद्यापीठात, एका प्रकाशकाच्या जुन्या कागदपत्रांत, एका संशोधक विद्यार्थ्याला त्यांची एक अज्ञात कादंबरी सापडली. ती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. 'रोमान्स इन मार्सेय' ही दुसरी कादंबरी हस्तलिखितातच पडून होती, ती २०२० मध्ये निघाली. ज्या माणसाचा हिशेब लोकांनी कधीच मिटवला होता, त्याच्या खात्यात मृत्यूनंतर सत्तर वर्षांनी नव्या नोंदी होत आहेत. मग कोणाच्या अंतःकरणाचा निवाडा आपण एका वाक्यात कसा करावा? कम्युनिस्टांनी त्यांना फितूर ठरवले, नास्तिकांनी थकलेला ठरवले, आणि आम्हां धर्मगुरूंनाही मोह होतो, त्यांना आपल्या विजयाच्या यादीत घालण्याचा. तिन्ही निवाडे सारखेच उतावळे आहेत.

पुढच्या खेपेस कोणी आपल्यापुढे तो जुना टोमणा टाकला, तर संतापू नये आणि मानही खाली घालू नये. टोमणा मारणाऱ्याला घरात बोलवावे, चहा द्यावा, त्याचे म्हणणे पुरते ऐकून घ्यावे. त्याचा एखादा मित्र हरवला असेल. आणि आपल्या हातून कोणाला भाकरी मिळाली असेल, तर ती देऊन शोमरोन्यासारखे आपल्या वाटेने निघून जावे. त्या माणसाने पुढे कोणापुढे गुडघे टेकायचे, ते त्याचे आणि देवाचे गुपित आहे.